जुने यंत्र, नवी प्रणाली : पेढीवरचा एक निर्णय

गेल्या दिवाळीत, म्हणजे २०२५ साली, लक्ष्मीपूजन २१ ऑक्टोबरला होते. वीर निर्वाण संवत २५५२ च्या नव्या वह्या पेढ्यांवर येऊन पडल्या होत्या आणि पूजेच्या ताटाची, बत्ताशांची तयारी सुरू होती. त्याच्या बरोबर एक आठवडा आधी, मंगळवार १४ ऑक्टोबर रोजी, पुण्याच्या पेठांमधील असंख्य संगणकांच्या आयुष्यातील एक मुदत संपली. मायक्रोसॉफ्ट कंपनीने विंडोज १० या आपल्या कार्यप्रणालीचा नियमित सपोर्ट त्या दिवशी थांबवला. २९ जुलै २०१५ रोजी आलेली ही ऑपरेटिंग सिस्टिम दहा वर्षांहून थोडी अधिक चालली. तिच्याआधीच्या विंडोज ७ ची मुदत १४ जानेवारी २०२० रोजी आणि त्याआधीच्या विंडोज एक्सपीची ८ एप्रिल २०१४ रोजी संपली होती. अशा मुदती पूर्वीही आल्या आणि गेल्या, परंतु या वेळी प्रश्न अधिक अवघड झाला आहे. पूर्वीचे यंत्र कुरकुरत का होईना, नवी प्रणाली स्वीकारत असे. आता व्यवस्थित चालणारे यंत्रही 'हा संगणक विंडोज ११ साठी पात्र नाही' असे स्वच्छ सांगते.

नारायण पेठेत हा प्रश्न इतर भागांपेक्षा अधिक रेंगाळला, यास कारण आहे. ही पेठ अक्षरांच्या व्यवसायाची. लोकमान्य टिळकांनी १९०५ साली घेतलेला गायकवाड वाडा पुढे केसरीवाडा म्हणून प्रसिद्ध झाला, तो याच पेठेत. देवनागरीच्या शिशाच्या खिळ्यांची संख्या कमी कशी करता येईल, याचा विचार स्वतः टिळकांनी केला होता. त्या परिसरात आणि अप्पा बळवंत चौकाच्या बाजूला छापखाने, बांधणीवाले, पुस्तकविक्रेते, कागदाचे व लग्नपत्रिकांचे व्यापारी यांची दाटी झाली. खिळे गेले, ऑफसेट आले, पाठोपाठ डीटीपीचे संगणक आले. दर वेळी जुन्या साधनावर हात बसलेल्या माणसांना नव्याशी जुळवून घ्यावे लागले. अशा व्यवसायातला संगणक केवळ हिशेबाचे यंत्र राहत नाही. वीस-पंचवीस वर्षांची अक्षरजुळणी त्याच्या पोटात असते.

अशी एक पेढी कल्पनेने डोळ्यांसमोर आणावी. पुढे दुकान, मागे कोठी आणि माळ्यावर दोन संगणक. एकावर टॅली, बँक, जीएसटी आणि ई-वे बिल. दुसऱ्यावर लग्नपत्रिका, क्षमापना पत्रे, समाजाची वधू-वर परिचय पुस्तिका. दोन्ही संगणक दहा वर्षांपूर्वी पेठेतल्याच माणसाकडून जुळवून घेतलेले. बिले कार्बन लावून डॉट मॅट्रिक्स प्रिंटरवर निघतात, त्याचा करकर आवाज खाली गल्ल्यापर्यंत येतो. मुलगा म्हणतो, "पप्पा, विंडोज बदलून घेऊ. आता सुरक्षा अपडेट येणार नाहीत." वडील गल्ल्यावरून मान वर न करता उत्तर देतात, "अरे, चालतंय ना? चालत्या गाडीला कशाला हात लावायचा?" मुनीमजींना विचारले तर ते सावधपणे म्हणतात, "शेठजी, आधी मार्चएंड होऊन जाऊ द्या." मार्चएंड होतो, मग पर्युषण येते, मग दिवाळी. निर्णय पुढे पुढे जात राहतो.

या संवादात तिघांचेही म्हणणे थोडेथोडे बरोबर आहे.

सपोर्ट संपला याचा अर्थ संगणक बंद पडला असा नाही. १५ ऑक्टोबरच्या सकाळी विंडोज १० चे सर्व संगणक नेहमीसारखेच सुरू झाले. थांबली ती दुरुस्ती. कोणत्याही कार्यप्रणालीत लाखो ओळींची आज्ञावली असते आणि तिच्यात सतत नवनवी छिद्रे सापडत राहतात. महिन्यातून एकदा कंपनी ती बुजवते. मुदत संपल्यावर सापडलेले छिद्र तसेच उघडे राहते. शिवाय नव्या प्रणालीसाठी दुरुस्ती प्रसिद्ध झाली, की जुन्या प्रणालीत तेच छिद्र कोठे असेल याचा माग काढणे चोराला अधिकच सोपे जाते. म्हणून धोका पहिल्या दिवशी नगण्य असतो आणि महिन्यागणिक वाढत जातो. दुसरा परिणाम आणखी उशिरा दिसतो. विंडोज ७ चा सपोर्ट २०२० मध्ये थांबला, तरी गुगलचा क्रोम ब्राउझर त्यावर २०२३ च्या सुरुवातीपर्यंत नव्या आवृत्त्या देत होता. १०९ ही शेवटची आवृत्ती. त्यानंतर जुन्या ब्राउझरवरून बँकेच्या आणि सरकारी संकेतस्थळांवर हळूहळू अडचणी येऊ लागतात. प्रणाली जुनी झाल्याचे व्यापाऱ्याला बहुधा असेच, एखादे विवरणपत्र भरायच्या रात्री कळते.

तरीही वडिलांची भीती अनाठायी नाही, हे सांगणारी एक घटना महाराष्ट्राच्याच किनाऱ्यावर घडली आहे. २७ जून २०१७ रोजी उरणजवळच्या जवाहरलाल नेहरू बंदरातील एका टर्मिनलचे काम अचानक ठप्प झाले. हे टर्मिनल मर्स्क या डेन्मार्कच्या जहाज कंपनीच्या समूहातील कंपनी चालवीत होती. संगणक बंद, कंटेनर जागच्या जागी, मालमोटारी खोळंबलेल्या. नॉटपेट्या या नावाने पुढे ओळखल्या गेलेल्या विषाणूने जगभर हाहाकार माजवला होता. त्याचा उगम युक्रेनमध्ये होता आणि त्याचा प्रवेशमार्ग व्यापाऱ्यांनी लक्षात ठेवावा असा आहे. एम.ई.डॉक नावाचे हिशेब व करविवरणाचे एक सॉफ्टवेअर तेथे घरोघरी वापरले जाई. हल्लेखोरांनी त्या कंपनीच्या अपडेट पाठवणाऱ्या यंत्रणेतच शिरकाव केला आणि अधिकृत अपडेटच्या वेषात विषाणू पाठवला. ज्यांनी शिस्तीने अपडेट घेतले, त्यांच्याच पेढीत तो प्रथम शिरला.

पण कथा एवढ्यावर संपत नाही. आत शिरल्यावर एका संगणकावरून दुसऱ्यावर उडी घेण्यासाठी त्याने विंडोजमधील जे छिद्र वापरले, ते बुजवणारी दुरुस्ती मायक्रोसॉफ्टने १४ मार्च २०१७ रोजीच प्रसिद्ध केली होती. तीन महिने आधी. त्याच छिद्रातून १२ मे रोजी वॉनाक्राय हा विषाणू जगभर पसरून ब्रिटनमधील रुग्णालयांचे काम बंद पाडून गेला होता, म्हणजे इशाराही मिळाला होता. तरी असंख्य संगणक तसेच राहिले. नॉटपेट्याकडे चोरलेले पासवर्ड वापरण्याची दुसरी युक्ती होती, त्यामुळे दुरुस्ती केलेले काही संगणकही त्याच्या तावडीत सापडले. मर्स्कने आपले नुकसान २० ते ३० कोटी डॉलर इतके सांगितले. एकाच दिवशी अपडेट घेणारेही बुडाले आणि अपडेट न घेणारेही. 'घ्यावे की न घ्यावे' या दोन शब्दांत प्रश्न विचारला, तर हाती फारसे काही लागत नाही ते यामुळे.

मोठ्या अपडेटने स्वतःहून केलेले नुकसानही सर्वज्ञात आहे. विंडोज १० चे ऑक्टोबर २०१८ मधील मोठे अपडेट २ तारखेला आले आणि चार दिवसांत परत घ्यावे लागले. काही वापरकर्त्यांच्या डॉक्युमेंट्ससारख्या फोल्डरमधील फाइल त्याने पुसून टाकल्या होत्या. दुरुस्त होऊन ते १३ नोव्हेंबरला पुन्हा आले. सप्टेंबर २०२१ मधील एका सुरक्षा दुरुस्तीनंतर छोट्या कार्यालयांमध्ये सामायिक प्रिंटर चालेनासे झाले, पडद्यावर शून्य आणि अकरांनी भरलेला एक चुकीचा क्रमांक झळकू लागला. पेठांतील दुरुस्ती करणाऱ्या मुलांना तो क्रमांक तोंडपाठ झाला होता. त्यांतील अनेकांनी तेव्हा ती दुरुस्तीच काढून टाकण्याचा सोपा उपाय केला. प्रिंटर चालू झाला, छिद्रही उघडे झाले.

आता यंत्राकडे वळावे. विंडोज ११ ही प्रणाली ५ ऑक्टोबर २०२१ रोजी आली. तिच्या अटी अशा : किमान ४ जीबी रॅम, ६४ जीबी जागा, यूईएफआय पद्धतीने सुरू होणारा व सिक्युअर बूटची सोय असलेला मदरबोर्ड, टीपीएम २.० ही गुप्त किल्ल्या सांभाळणारी चिप आणि साधारणतः इंटेलच्या आठव्या पिढीचा किंवा त्यापुढचा प्रोसेसर. आठवी पिढी २०१७ मध्ये बाजारात आली, म्हणजे त्याआधी घेतलेला संगणक बहुधा बाद होतो. मायक्रोसॉफ्टचे 'पीसी हेल्थ चेक' हे मोफत साधन दोन मिनिटांत उत्तर देते, मात्र त्याने 'नाही' म्हटले म्हणून लगेच यंत्र मोडीत काढू नये. जुळवून घेतलेल्या अनेक संगणकांत टीपीएमची सोय प्रोसेसरमध्येच असते आणि बायोसमध्ये ती बंद ठेवलेली असते. इंटेलच्या यंत्रात ती पीटीटी या नावाने व एएमडीच्या यंत्रात एफटीपीएम या नावाने सापडते. जाणकार माणूस ती पाच मिनिटांत चालू करून देतो. प्रोसेसरच जुना असेल, तर मात्र त्यावर इलाज नाही.

येथे एक मोह उभा राहतो. अटी चुकवून अपात्र यंत्रावरही विंडोज ११ चढवता येते आणि "शेठ, करून देतो, काही होत नाही" असे म्हणणारा माणूस हाकेच्या अंतरावर असतो. यंत्र खरोखर चालतेही. परंतु अशा यंत्राला पुढची अपडेट मिळतीलच असे मायक्रोसॉफ्टने कोठेही कबूल केलेले नाही. ज्या सुरक्षेसाठी हा सगळा खटाटोप करायचा तिचीच हमी राहत नसेल, तर हिशेबाच्या संगणकावर हा प्रयोग करण्यात अर्थ नाही. तीच गोष्ट बिनपरवाना विंडोजची. त्याबद्दल अधिक काही लिहिण्याचे कारण नाही.

नारायण पेठेतील खरी गुंतागुंत दुसऱ्या संगणकावर, म्हणजे अक्षरांच्या संगणकावर आहे. श्री-लिपी हे पुण्यातच तयार झालेले सॉफ्टवेअर, सी-डॅकचे आयएसएम, आकृती, या सर्वांनी नव्वदच्या दशकापासून मराठी छपाईला हात दिला. त्या काळी विंडोजला देवनागरी समजत नव्हती. म्हणून या सॉफ्टवेअरांनी एक युक्ती योजली. संगणकाच्या लेखी अक्षर इंग्रजीच राहील, पण त्याच्या जागी पडद्यावर आणि कागदावर देवनागरीचा आकार उमटेल. तो विशिष्ट फाँट असेपर्यंत सगळे ठीक. फाँट नसेल, तर 'श्री महावीराय नमः' च्या जागी इंग्रजी अक्षरांचा आणि चिन्हांचा निरर्थक पुंजका दिसतो. जुन्या फाइलमधला मजकूर व्हॉट्सअ‍ॅपवर चिकटवून पाहिलेल्या प्रत्येकाला हा अनुभव आहे. युनिकोडमध्ये देवनागरीला १९९१ सालीच जागा मिळाली होती आणि विंडोज २००० पासून ती प्रणालीतही आली. तरी छपाईच्या धंद्यात जुनेच फाँट चालत राहिले. त्यांचे वळण सुंदर होते, जोडाक्षरे नीट बसत होती आणि हात त्या कळफलकावर बसला होता.

ही सॉफ्टवेअरे बहुधा डोंगलवर चालत. संगणकाच्या मागे लावलेले हे छोटे कुलूप नसेल तर सॉफ्टवेअर उघडत नाही. सर्वांत जुनी डोंगले प्रिंटरच्या रुंद पॅरलल पोर्टला लागत, तो पोर्ट नव्या मदरबोर्डवर सहसा नसतोच. नंतरची डोंगले यूएसबीची आहेत, पण त्यांचे ड्रायव्हर जुने. विंडोज ११ केवळ ६४ बिटची आहे, तिची ३२ बिटची आवृत्तीच निघालेली नाही. आणि ६४ बिटच्या विंडोजवर ३२ बिटचे ड्रायव्हर चालत नाहीत. ड्रायव्हर ६४ बिटचा असला तरी त्यावर मान्य डिजिटल स्वाक्षरी असावी लागते. त्यातून सुटलेल्या काही जुन्या ड्रायव्हरना 'मेमरी इंटिग्रिटी' ही नवी सुरक्षासोय अडवते. सोळा बिटच्या काळातले एखादे छोटे हिशेबाचे किंवा लेबल छापण्याचे साधन अजून वापरात असेल, तर ६४ बिटच्या विंडोजवर ते सुरूच होणार नाही. पेजमेकरची शेवटची आवृत्ती, ७.०, २००१ सालची. तिच्यात जुळवलेली वधू-वर पुस्तिका आजच्या इनडिझाइनमध्ये थेट उघडत नाही. म्हणजे या संगणकावर अपडेटचे बटण दाबणे ही साधी कृती नाही. तीन-चार जुन्या साधनांची साखळी त्यात तुटू शकते आणि तिच्यातली एक कडी तुटली तरी पंधरा वर्षांच्या पुस्तिका असून नसल्यासारख्या होतात.

अनेक पेढ्यांवर याच कारणासाठी विंडोज १० ची ३२ बिट आवृत्ती घातलेली असते, आणि मालकाला त्याची कल्पना नसते. सेटिंग्जमध्ये 'अबाउट' या पानावर ते पाहता येते. ३२ बिटवरून विंडोज ११ वर सरळ चढता येत नाही. डिस्क नव्याने तयार करून सर्व सॉफ्टवेअर पुन्हा बसवावे लागते. ज्यांच्याकडे मूळ सीडी, परवान्याचे क्रमांक आणि डोंगलची कागदपत्रे जपून ठेवलेली आहेत, त्यांनाच हे शक्य होते.

हिशेबाच्या संगणकाची अडचण वेगळी आणि तुलनेने सोपी. नामांकित हिशेब सॉफ्टवेअरच्या चालू आवृत्त्या नव्या विंडोजवर चालतात. अडते ते जाळे. एका संगणकावर कंपनीचा डेटा ठेवून तो फोल्डर पासवर्डशिवाय सर्वांना उघडा करायचा आणि बाकीच्या टेबलांवरून टॅली चालवायची, ही पेढ्यांवरची रुळलेली रीत आहे. विंडोज ११ च्या २०२४ मधील मोठ्या अपडेटपासून, जिला २४एच२ म्हणतात, प्रो आवृत्तीत असे पाहुण्यासारखे विनापासवर्ड येणे बंद झाले. शिवाय दोन संगणकांमधील देवघेवीवर स्वाक्षरीची सक्ती आली. मग नवा संगणक आणला की जुन्यावरचा फोल्डर दिसत नाही, मुनीमजी म्हणतात "नवीन विंडोज खराब आहे", आणि दुरुस्ती करणारा मुलगा येऊन ती सुरक्षाच बंद करून जातो. प्रत्येक माणसाला स्वतंत्र नाव-पासवर्ड देऊन फोल्डर उघडणे हा योग्य मार्ग. त्यास अर्धा तास लागतो. नॉटपेट्यासारखे विषाणू अशाच मोकळ्या वाटांनी टेबलामागून टेबल पार करतात, हे लक्षात घेतले तर तो अर्धा तास महाग वाटणार नाही. डॉट मॅट्रिक्स प्रिंटर आणि डिजिटल स्वाक्षरीचे टोकन यांचे ६४ बिट ड्रायव्हर उपलब्ध आहेत की नाहीत, हेही आधी पाहून ठेवावे.

यावरून एक गोष्ट उघड होते. निर्णय पेढीचा म्हणून एकदम घेता येत नाही, तो संगणकागणिक आणि खरे तर कामागणिक घ्यावा लागतो. ज्या यंत्रावरून पैसे हलतात, बँकेचा पासवर्ड टाइप होतो, ई-मेल उघडली जाते, त्यावर सपोर्ट असलेलीच प्रणाली हवी. यंत्र पात्र नसेल, तर ते बदलावे. येथे 'चालतंय ना' हा युक्तिवाद टिकत नाही, कारण नुकसान झालेच तर ते यंत्राच्या किमतीएवढे असणार नाही, ते खात्यातील शिलकीएवढे असेल. ज्या यंत्रावर जुनी अक्षरे आहेत, त्याला मात्र हात लावू नये, पण त्याचे इंटरनेट तोडावे. लॅनची वायर काढावी, वायफाय बंद करावे. ज्या संगणकाला जगाशी देणेघेणे नाही, त्याला विंडोज १० च काय, विंडोज ७ सुद्धा पुरते. फाइल नेण्या-आणण्यासाठी एक वेगळा पेनड्राइव्ह ठेवावा आणि तो प्रत्येक वेळी नव्या संगणकावर तपासून घ्यावा. वडील आणि मुलगा या दोघांचेही म्हणणे अशा रीतीने एकाच माळ्यावर नांदू शकते.

ज्यांना थोडा अवधी हवा आहे, त्यांच्यासाठी कंपनीने विस्तारित सुरक्षा अपडेटची सोय ठेवली आहे. घरगुती वापराच्या संगणकांना ती १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंत मिळेल असे जाहीर झाले. त्यासाठी ३० डॉलर भरावेत, किंवा सेटिंग्जची प्रत मायक्रोसॉफ्टच्या खात्यात जोडून ठेवल्यास ती विनामूल्य घेता येते. विंडोज १० ची २२एच२ ही आवृत्ती मात्र असायला हवी. व्यावसायिक संस्थांना पहिल्या वर्षी प्रत्येक यंत्रामागे ६१ डॉलर, पुढे दर वर्षी दुप्पट, अशी तीन वर्षे. हिशेब करून पाहिला तर तीन वर्षांचे ४२७ डॉलर होतात. एवढ्यात बरा नवा संगणक येतो. म्हणून ही मुदतवाढ एका वर्षाच्या सवडीपुरतीच उपयोगाची.

काहीही ठरवले तरी आधी प्रत काढावी, हे सर्वजण सांगतात. प्रत तपासून पाहावी, हे फार थोडे सांगतात. बॅकअप घेतला आहे या समजुतीवर वर्षानुवर्षे विसंबलेल्या पेढीत, प्रसंग आल्यावर तो उघडतच नाही, असे पुष्कळदा होते. टॅलीचा बॅकअप दुसऱ्या संगणकावर पूर्ववत करून पाहावा, मागील वर्षीच्या एखाद्या पार्टीचे खाते उघडावे, शिल्लक वहीशी जुळवावी. रोजमेळाला शोभेल अशीच ही शिस्त आहे. जीएसटी कायद्याप्रमाणे हिशेब त्या वर्षाच्या वार्षिक विवरणपत्राच्या अंतिम तारखेपासून ७२ महिने सांभाळावे लागतात, म्हणजे केवळ चालू वर्षाची प्रत पुरत नाही. आणि किमान एक प्रत पेढीच्या बाहेर असावी. नारायण पेठेला हे समजावून सांगण्याची गरज पडू नये. १२ जुलै १९६१ रोजी पानशेतचे धरण फुटले, तेव्हा मुठेचे पाणी याच पेठेत शिरले होते. दुकान आणि घर एकाच वाड्यात असलेल्यांची एकच प्रत त्या दिवशी पाण्याखाली होती.

बाहेरची प्रत नुसती बाहेर असून भागत नाही, ती संगणकापासून तुटलेलीही असावी. कायम जोडून ठेवलेली हार्डडिस्क विषाणू संगणकाबरोबरच खातो. मर्स्कच्या बाबतीत याचे विलक्षण उदाहरण घडले. जगभरच्या कार्यालयांतील वापरकर्त्यांची सूची सांभाळणारे तिचे सर्व सर्व्हर नॉटपेट्याने नष्ट केले आणि प्रत्येक सर्व्हर दुसऱ्याची प्रत असल्यामुळे वेगळी प्रत ठेवण्याची गरज कोणाला वाटली नव्हती. शेवटी आफ्रिकेतील घाना येथील कार्यालयात एक सर्व्हर शाबूत सापडला. हल्ल्याच्या वेळी तेथे वीज गेलेली होती. त्या एका प्रतीवरून कंपनीने आपली यंत्रणा पुन्हा उभी केली. पुढे कंपनीच्या अध्यक्षांनी दहा दिवसांत ४५,००० संगणक नव्याने बसवल्याचे सांगितले. पेढीपुरते पाहता, आठवड्यातून एकदा जोडून, प्रत घेऊन, काढून कपाटात ठेवलेली हार्डडिस्क हेच काम करते, त्यासाठी वीज जाण्याची वाट पाहावी लागत नाही.

अपडेट केल्यानंतर जुन्या प्रणालीवर परतण्याची सोय विंडोज दहा दिवस देते. ते दहा दिवस रिकामे जाऊ नयेत. पहिल्याच दिवशी एक बिल छापून, एक ई-वे बिल काढून, टोकनने एक स्वाक्षरी करून, सर्व टेबलांवरून टॅली उघडून पाहावी. अकराव्या दिवशी अडचण सापडली, तर परतीची वाट बंद झालेली असते. दिवस निवडतानाही पंचांगाबरोबर जीएसटीचे वेळापत्रक पाहिलेले बरे. दर महिन्याला विवरण भरणाऱ्यांच्या ११ आणि २० या तारखा टाळाव्यात, मार्च तर पूर्णच वगळावा. त्या बाबतीत मुनीमजी बरोबर होते. गुढीपाडव्याच्या मुहूर्तावर नवा संगणक घरी आणावा, त्याला हळदकुंकू वाहावे, पण आर्थिक वर्ष संपायला थोडेच दिवस उरले असतील तर खोके बंदच राहू द्यावे. अक्षय्य तृतीयेच्या सुमारास एप्रिलचे विवरण भरून झालेले असले, तर तो काळ सर्वांत निवांत.

जुन्या यंत्राचे काय करायचे, हा शेवटी उरणारा प्रश्न लहान नाही. विंडोज १० चा सपोर्ट संपल्यामुळे जगभरात २४ कोटी संगणक कचऱ्यात जाऊ शकतील, असा अंदाज कॅनालिस या संस्थेने २०२३ साली वर्तवला होता. चालते यंत्र केवळ एका चिपअभावी टाकून देणे आपल्या घरांतील वडीलधाऱ्यांना पटत नाही आणि ते न पटणे योग्यच आहे. अपरिग्रहाचा दाखला येथे दोन्ही बाजूंनी दिला जातो, हीही एक गंमत. मुलगा म्हणतो जुने साठवू नका, वडील म्हणतात नवे घेऊ नका. ज्या यंत्रावर हिशेब करायचे नाहीत, त्यावर लिनक्स घालता येते. सी-डॅकने बॉस नावाची भारतीय लिनक्स प्रणाली तयार केली आहे, उबुंटू आहेच. पाठशाळेतील मुलांना किंवा वाचनालयाला असे यंत्र आणखी काही वर्षे सहज पुरते. देण्यापूर्वी हार्डडिस्क काढून घ्यावी किंवा पूर्ण पुसावी, कारण नुसती 'डिलीट' केलेली खातेवही कोणालाही परत मिळवता येते. अगदी निकामी झालेले यंत्र भंगारवाल्याला न देता नोंदणीकृत ई-कचरा केंद्राकडे द्यावे.

माळ्यावरच्या त्या अक्षरांच्या संगणकावर मात्र एक काम बाकी असते. त्याची हार्डडिस्क केव्हातरी जाणार, डोंगलही केव्हातरी दगा देणार. तोपर्यंत जुन्या पुस्तिका एकेक करून उघडाव्यात आणि प्रत्येकीची पीडीएफ करावी. पीडीएफमध्ये फाँट सोबत बांधला जातो, म्हणून ती कोणत्याही संगणकावर जशीच्या तशी दिसते. ज्या मजकुराचा पुन्हा उपयोग होणार आहे, तेवढाच फाँट बदलणाऱ्या साधनाने युनिकोडमध्ये आणावा आणि मुद्रितशोधकाकडून डोळ्याखालून घालून घ्यावा. रफार, ऱ्हस्व वेलांटी आणि 'त्र', 'ज्ञ' सारखी जोडाक्षरे या बदलात हमखास बिघडतात. वधू-वर पुस्तिकेत एखाद्या मुलीचे नाव किंवा गोत्र चुकले, तर दूरध्वनी कोणाला घ्यावा लागतो, हे पेठेतल्या जुन्या मुद्रकांना ठाऊक आहे. रोज दुपारच्या निवांत वेळी दोन फाइल, या गतीने पंधरा वर्षांचे काम एका चातुर्मासात संपू शकते. हे काम वडिलांनीच करायचे. त्या कळफलकावर हात त्यांचाच बसलेला आहे.